कुळाचा कागद : बेने इस्रायलांच्या वंशवृत्ताची साधने

मराठीत कुलवृत्तान्तांची परंपरा विसाव्या शतकात चांगलीच बहरली. एकेका घराण्याने आपल्या विखुरलेल्या शाखा शोधून काढल्या आणि मूळ पुरुषापासून हयात पिढीपर्यंतची वंशावळ छापून प्रसिद्ध केली. या उद्योगाची साधने बहुधा ठरलेली असत : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या, वतनाच्या व इनामाच्या सनदा, निवाडपत्रे आणि घरच्या माळ्यावरचे जुने बाड. याच मुलखात राहून याच भाषेत संसार करणाऱ्या एका समाजाला यांपैकी पहिले साधन कधीच उपलब्ध नव्हते आणि दुसऱ्याचा लाभ फार थोड्या घरांना झाला. हा समाज म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, मराठीभाषी ज्यूंचा : बेने इस्रायलांचा. त्यांच्या कुळांचा शोध घेणाऱ्याला वेगळ्या वाटेने जावे लागते, आणि ती वाट मराठीच्या इतिहाससाधनांतूनच जाते.

युरोपातील ज्यू कुळांचा अभ्यास करणाऱ्यापुढे निराळी सामग्री असते. तेथे राज्यसंस्थेने ज्यूंना ज्यू म्हणूनच मोजले, नोंदवले आणि त्यांच्यावर कर बसवले. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८७ साली आपल्या ज्यू प्रजेला कायम आडनावे घेण्याची सक्ती केली. रशियन साम्राज्यात १८३५ नंतर जन्म, विवाह, घटस्फोट आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवण्याचे काम रब्बींवर सोपवण्यात आले. त्या नोंदींमागचा हेतू प्रेमाचा नव्हता, पण नोंदी राहिल्या. कोकणात बेने इस्रायलांना ज्यू म्हणून वेगळे काढून छळणारे राज्य झाले नाही आणि त्यामुळे त्यांची वेगळी वही घालणारे राज्यही झाले नाही. शेजाऱ्यांनी त्यांना सुखाने नांदू दिले. त्या सुखाची किंमत कागदाच्या अभावात चुकवावी लागली.

ही किंमत किती मोठी होती, ते १९६२ साली उघड झाले. इस्रायलच्या स्थापनेनंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली होती. त्यांच्याशी अन्य ज्यूंनी विवाह करण्यास हरकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च धर्मपीठाने १९६१ साली दिला. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाह नोंदवणाऱ्या रब्बींसाठी निघालेल्या आदेशात एक अट आली. बेने इस्रायल वधू किंवा वराची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांतील स्त्रिया ज्यू होत्या काय, तसेच घराण्यात कोणाचा घटस्फोट शास्त्रोक्त पद्धतीवाचून झाला होता काय, याची चौकशी करावी, असे त्यात म्हटले होते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे अपत्याचे ज्यूपण आईकडून येते, हे या चौकशीचे कारण. समाजात संतापाची लाट उसळली, सभा झाल्या, धरणे धरण्यात आले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे स्पष्ट केले, आणि धर्मपीठाने आदेशातून या समाजाचा नामनिर्देश काढून टाकला. वाद राजकीय पातळीवर मिटला. इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्याने ठेवलेला प्रश्न मात्र तसाच राहिला : कोकणातल्या एखाद्या तेल्याच्या पणजीचे माहेर कोणत्या कागदात सापडेल?

शोधाची सुरुवात कागदाआधी नावापासून करावी लागते, कारण बेने इस्रायलांच्या बाबतीत आडनाव हेच पहिले दप्तर आहे. किहीमचे ते किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर : अशी शंभरांहून अधिक आडनावे या समाजात आहेत आणि त्यांतील बहुतेक आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांकडे बोट दाखवतात. कुळाचा मूळ पुरुष कोणत्या देशातून आला हे आडनाव सांगत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर घर मुंबईला निघाले तेव्हा ते कोणत्या गावचे म्हणून ओळखले जात होते, एवढेच ते सांगते. तथापि संशोधकाला तेवढे पुरेसे असते. तालुका कळला की दप्तर कळते.

व्यक्तिनामांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मुलाच्या सुंतेच्या वेळी ठेवलेले हिब्रू नाव प्रार्थनेत चाले. व्यवहारात त्याचेच मराठी वळणाचे रूप रूढ होई. अब्राहामचा आबाजी, शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, रहामीमचा रामाजी झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण आले आणि हीच माणसे पुन्हा सॅम्युअल, इझिकेल, आयझॅक झाली. त्यातच आडनाव गाळून वडिलांचे नाव शेवटी लिहिण्याची रीत पडली. परिणामी एकाच घरातील तीन पिढ्या कागदावर तीन परक्या घरांसारख्या दिसतात. मोडी कागदात आढळणारा ‘रामाजी’ हा हिंदू की इस्रायल, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही. बापाचे नाव, गाव आणि धंदा ही तिन्ही जुळली तरच ओळख पटते.

धंद्याचीही एक अडचण आहे. बेने इस्रायलांचा परंपरागत व्यवसाय घाण्यावर तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आणि सोमवारी बंद ठेवणाऱ्या हिंदू तेल्यांना ‘सोमवार तेली’. गावकऱ्यांना हा भेद तोंडपाठ होता. पण महसुलाच्या यादीत घाण्यावरची पट्टी लिहिणाऱ्या कारकुनाला वाराशी कर्तव्य नसे. त्याने नुसते ‘तेली’ लिहिले की समाज कागदातून नाहीसा होतो. बाहेरच्या जगाने लिहून ठेवलेले जुने उल्लेख आहेत : १७३८ साली सार्टोरियस या मिशनऱ्याने मद्रासहून लिहिलेल्या पत्रात या लोकांचा निर्देश येतो आणि १७६८ साली कोचीनचे व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी हॉलंडला पाठविलेल्या पत्रात त्यांच्या तेलाच्या घाण्यांची व शब्बाथपालनाची माहिती येते. समाजाच्या इतिहासाला हे उल्लेख मोलाचे आहेत. कुळाच्या इतिहासाला त्यांचा उपयोग बेताचाच, कारण त्यांत एकाही कोकणी घराचे नाव नाही.

गाव कळल्यावर पुढचा प्रश्न येतो तो राज्याचा. उत्तर कोकणातील ज्या पट्ट्यात ही गावे आहेत त्यावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत एकच सत्ता नव्हती. अलिबागच्या बाजूला आंग्रे होते. त्यांचे संस्थान १८४०च्या सुमारास खालसा झाले. मुरूड-म्हसळ्याकडचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता आणि ते संस्थान १९४८पर्यंत टिकले. पालीकडचा काही भाग भोरच्या पंतसचिवांचा. पेशव्यांच्या ताब्यातील महाल १८१८ साली इंग्रजांकडे गेले. म्हणून दिवेकरांचा शोध आणि किहीमकरांचा शोध एकाच दप्तरात संपत नाही. पेशवाईचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. कंपनी सरकारचे व नंतरच्या इलाख्याचे कागद प्रामुख्याने मुंबईच्या अभिलेखागारात. जमिनीच्या खरेदी-गहाणाचे दस्त त्या त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे. यांतील जुना भाग मोडीत आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, परंतु ती निवड राजकीय इतिहासाच्या दृष्टीने झालेली होती. तेल्याचा घाणा आणि काजीचा मान असल्या गोष्टी अद्याप रुमालांतच आहेत.

काजीचा मान हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. समाजातील विवाह लावणे, तंटे तोडणे, सुंतेचा विधी करणे ही कामे काही ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आली आणि त्यांना ‘काजी’ म्हणत. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही त्यांतील प्रसिद्ध नावे. वंशपरंपरागत अधिकार म्हटला की वारसा सिद्ध करणे आले, वाद आले आणि वादाबरोबर कागदही आला. वतनदार घराण्यांचा इतिहास जसा त्यांच्या भांडणांतून लिहिता येतो, तसाच काजी घराण्यांचाही काही अंशी येतो. भांडण न झालेल्या सरळमार्गी घराचा इतिहास लिहिणे अधिक अवघड.

मुंबईत आल्यावर हा समाज कंपनीच्या फौजेत मोठ्या प्रमाणावर शिरला, आणि येथून नोंदींचा प्रवाह रुंदावतो. सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युअल इझिकेल दिवेकर असेही म्हणतात, हे याचे ठळक उदाहरण. ते कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले, सुटून परत आले आणि त्यांनी १७९६ साली मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. ‘शाअर हारहामीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे त्याचे नाव. लोकांच्या तोंडी ते ‘जुनी मशीद’ झाले. शेजारचा रस्ता आजही सॅम्युअल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. कैदेतून सुटकेची कथा समाजाच्या स्मृतीत आहे. पलटण, हुद्दा आणि मोहीम यांचा तपास लष्करी कागदांत करता येतो. असे दोन्ही बाजूंनी ताडून पाहण्याजोगे प्रसंग विरळा.

मुंबई लष्कराच्या हजेरीपटांचा आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांचा काही भाग मुंबईत, तर काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. त्या दप्तरातील जन्म-विवाह-मृत्यूच्या धर्मखात्याच्या नोंदी मुख्यतः ख्रिस्ती लोकांच्या असल्याने येथे कामास येत नाहीत. पलटणींचे कागद येतात. त्यांत नावे मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी भावली तशी उतरली आहेत. एका हसाजीची चार वेगवेगळी स्पेलिंगे असू शकतात, हे गृहीत धरूनच यादी वाचावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पलटणी जातवार बांधण्याचे धोरण आले. स्वतंत्र पलटण उभी राहील एवढी या समाजाची संख्या नव्हती, म्हणून तरुण मंडळी रेल्वे, टपाल, इस्पितळे आणि सरकारी कचेऱ्या यांकडे वळली. कुटुंबे बदलीबरोबर पुणे, अहमदाबाद, कराची, एडन येथवर गेली आणि नोंदीही त्यांच्याबरोबर पांगल्या.

समाजाने स्वतः निर्माण केलेले कागद प्रामुख्याने सिनेगॉगांशी निगडित आहेत. रेवदंडा येथे १८४२, अलिबागेस १८४८, पनवेलीस १८४९, ठाण्यास १८७९, कराचीत १८९३ आणि अहमदाबादेस १९३४ अशी सिनेगॉगे उभी राहत गेली. त्यांचा कारभार मुकादम, चौगुला, गब्बाय अशा अधिकाऱ्यांकडे असे. या नावांतूनच गावगाडा आणि हिब्रू परंपरा यांची सांगड दिसते. सभांची इतिवृत्ते आणि वर्गणीचे हिशेब मराठीत लिहिले जात. हिशेबाची वही वाचायला रूक्ष असली तरी वंशशोधकाला ती उपयोगी पडते, कारण वर्गणी देणाऱ्याचे नाव एका वर्षी थांबते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी मुलाचे नाव येते. मृत्यूचे वर्ष असे पैशाच्या ओळीतून कळते. कराचीचे सिनेगॉग १९८८ साली पाडण्यात आले. इमारत गेली की तिच्या कपाटांचे काय होते, हा प्रश्न कोकणातील ओस पडलेल्या सिनेगॉगांनाही लागू आहे.

विवाहाचा करार म्हणजे केतुबा. तो हिब्रू लिपीत लिहिलेला असतो आणि त्यात वर, वधू, दोघांचे वडील, तिथी व स्थळ यांचा उल्लेख असतो. तो वधूच्या हक्काचा कागद असल्यामुळे घरोघरी जपून ठेवला जाई. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू टिपून ठेवण्याची चालही ज्यू घरांत सर्वत्र आढळते. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघालेला आणि १८७४ साली पुण्यात सचित्र छापलेला हगादा असे ग्रंथ ग्रंथालयांत त्यांच्या छपाईसाठी जपले जातात. वंशशोधक मात्र आधी त्यांची आतली मलपृष्ठे उघडून पाहतो.

कबरीवरचे शिलालेख हे या सर्वांत उघडे, आणि म्हणून सर्वांत लवकर झिजणारे साधन. जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी, पुढे इंग्रजीही, असे लेख आढळतात. त्यांतील कालगणना उलगडण्यास थोडे गणित लागते. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहिलेले असते आणि पुष्कळदा हजारांचा अंक गाळलेला असतो. ‘६०९’ वाचले तर ते ५६०९ समजावे. जानेवारीपासून हिब्रू नववर्षापर्यंतच्या तिथीसाठी त्यातून ३७६० वजा करावे, नववर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१. म्हणजे ५६०९ हे वर्ष १८४८च्या शरदात सुरू होऊन १८४९च्या शरदात संपते. मराठी लेखात शक असेल तर त्यात ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. शिवाय हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो. संध्याकाळी वारलेल्या माणसाची तिथी दगडावर एक आणि नगरपालिकेच्या वहीत दुसरी असते. ही विसंगती चूक मानून एक नोंद टाकून देणारा संशोधक आपलाच पुरावा गमावतो.

इंग्रजी अमदानीच्या कायद्यांनी आणखी एक दालन उघडले, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. जनगणनेच्या घरोघरच्या मूळ याद्या जतन झाल्या नाहीत, त्यामुळे तिच्यातून संख्या मिळते, माणूस मिळत नाही. १८६५चा भारतीय वारसा कायदा हिंदू, मुसलमान आणि बौद्ध यांना लागू नव्हता; ज्यूंना होता. त्यामुळे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता घेणे हे ज्यू वारसांना आवश्यक झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या वारसाविषयक दप्तरात अशी मृत्युपत्रे जमा झाली. १८८६चा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कायदाही ज्यांना १८६५चा कायदा लागू होता त्यांच्यासाठी आणि ख्रिस्ती लोकांसाठी होता. नोंदणी ऐच्छिक असल्याने ती सर्वांनी केली नाही, पण ज्यांनी केली त्यांचे कागद झाले. कोकणात तेली म्हणून लोपलेला समाज मुंबईच्या कायद्यात ज्यू म्हणून पुन्हा दिसू लागतो. त्यात भर पडली शाळांची व नियतकालिकांची. हाईम सॅम्युअल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली निघालेल्या इस्रायली शाळेपासून पटांत मुलांबरोबर मुलींचीही नावे येऊ लागली. रिबेका रूबेन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपादित केलेल्या समाजाच्या वार्षिकांत परीक्षा, नेमणुका, विवाह यांची वार्ता आली. किहीमकरांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास मात्र १९३७ साली, त्यांच्या पश्चात, तेल अवीव येथे छापला गेला. चाळीस वर्षे एक हस्तलिखित टिकून राहिले म्हणून पुष्कळशी स्मृती टिकली.

आता १९६२च्या प्रश्नाकडे परतता येते. वर सांगितलेली साधने एकत्र मांडली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : यांतील जवळजवळ प्रत्येक कागद बापाचे नाव विचारतो. महसुलाची यादी, हजेरीपट, वर्गणीची वही, सारे पुरुषांचे. केतुब्यात वधू येते ती अमक्याची कन्या म्हणून. तिच्या आईला तेथे स्थान नाही. मराठी रीतीप्रमाणे लग्नानंतर स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव आणि त्याचे आडनाव लागते, म्हणजे माहेरच्या गावाचा धागाही तुटतो. धर्मपीठाने जो वंश विचारला तो आईचा होता, आणि तीन-चार राजवटींच्या कारकुनांनी जो लिहून ठेवला तो बापाचा. पुरावा नव्हता याचा अर्थ वंश अशुद्ध होता असा होत नाही. प्रश्न आणि दप्तर यांची तोंडे दोन दिशांना होती, एवढाच होतो. हाच प्रश्न कोकणातील कोणत्याही जातीला विचारला असता तरी उत्तर फारसे निराळे आले नसते.

तरीही आजीचा माग अगदीच हरवत नाही. मृत्युपत्रात बाप विवाहित मुलीला दागिना ठेवतो तेव्हा जावयाचे नाव लिहितो. तेथे माहेर आणि सासर एका ओळीत येतात. मोहिमेवर मेलेल्या शिपायाच्या वारसाला वेतन देताना विधवेची ओळख पटवावी लागते. शाळेच्या पटात मुलगी आपल्या माहेरच्या आडनावाने उभी असते. बक्षीसपत्रात मामा येतो, आणि मामा आला की आईचे घर सापडले. स्त्रियांचा वंश शोधायचा तर मुख्य मजकूर सोडून साक्षीदार, देणगीदार आणि वारस यांच्या ओळी वाचाव्या लागतात, हा या अभ्यासाचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने बेने इस्रायलांत ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. पहिल्या गोष्टीने परंपरेला शास्त्राचा आधार मिळाला, दुसरीने सरकारी अर्जात जागा मिळाली. पण पणजीचे नाव या दोहोंपैकी कोणीच सांगू शकत नाही. ते सांगू शकेल असा कागद पुण्याच्या रुमालात, अलिबागच्या निबंधकाकडे, उच्च न्यायालयाच्या दप्तरात किंवा लोद-अश्दोदच्या एखाद्या घरातील पेटीत आहे. भारतात आज या समाजाची लोकसंख्या पाच हजारांहून कमी आहे. इस्रायलमध्ये ती कितीतरी पटींनी अधिक. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले, तरी तिसऱ्या पिढीची वाचनाची भाषा हिब्रू झाली आहे. म्हणजे केतुबा वाचू शकणाऱ्याला खरेदीखत वाचता येत नाही आणि खरेदीखत वाचू शकणाऱ्याला केतुबा. मोडी जाणणारे तर दोन्हीकडे थोडेच. सिनेगॉगांच्या वह्या आणि कबरींचे लेख यांची छायाचित्रे व सूची तयार करणे हे काम मराठी अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे, कारण या कुळांच्या कागदांची भाषा प्रथमतः मराठी आहे. दगड झिजण्याला आणि वहीला कसर लागण्याला एखाद्या पिढीची उसंत पुरेशी असते.